नव्या शहरात बिऱ्हाड : परवडणाऱ्या वस्तीचा शोध

उन्हाळी सुट्टी संपत आली की गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज येऊ लागतात. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात रहिवासी दाखल्याची मागणीही त्याच सुमारास वाढते. कुटुंब गाव सोडून शहराकडे निघाल्याची ही पहिली खूण होय. दाखल्यावर सही-शिक्का होतो, निरोपाचे चार शब्द बोलले जातात आणि गावाच्या दृष्टीने तो विषय संपतो. त्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. नोकरी मिळाली, पण राहावयाचे कोठे?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ४५.२ टक्के लोक नागरी भागात राहत होते. शहरात जाणाऱ्या माणसाची कामाची ओढ आणि त्याच्या अडचणी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शहरात पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो जी वस्ती निवडतो, तिच्याकडे मात्र तितकेसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक पगार हाती राहणार की नाही, मुलांची शाळा टिकणार की नाही आणि घरातील स्त्रीला चार पैसे मिळविता येणार की नाही, हे त्या एका निवडीवर अवलंबून असते. ही निवड बहुधा घाईत, अपुऱ्या माहितीवर आणि भाड्याचा एकच आकडा पाहून केली जाते. मुंबई आणि तिच्या भोवतालचा नागरी प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा येथे विचार केला आहे. त्यातील विचाराची रीत अन्य शहरांनाही लागू पडेल.

गावकीची खोली

मुंबईत नव्याने येणाऱ्या माणसाची सोय पूर्वी गावच करीत असे. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या गिरणगावातील चाळींमधून कोकणातील व घाटावरील अनेक गावांच्या गावकीच्या खोल्या असत. गावाहून आलेला तरुण थेट त्या खोलीत उतरे. रात्रपाळीचे कामगार दिवसा आणि दिवसपाळीचे रात्री झोपत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी एवढाच संसार. जेवणासाठी खानावळ होती आणि भाड्याचा वाटा गावकीच्या हिशेबात जमा होई. अशा खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

शासनाचाही या कामात वाटा होता. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्यातील खोली १६० चौरस फुटांची होती. जागा अपुरी असली तरी ती कामाच्या ठिकाणाजवळ होती. गिरणीचा भोंगा वाजल्यावर कामगार पायी निघून पाळीवर हजर होई.

ही व्यवस्था पुढे दोन्ही बाजूंनी खचत गेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण मानले. त्यामुळे जुन्या भाडेकरूला संरक्षण लाभले, परंतु भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. रिकामी होणारी खोली पागडीशिवाय मिळेनाशी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या व गिरणगावातील कामाचा आधारही गेला. आज येणारा तरुण बहुधा एकटा राहत नाही. तो वर्षभरात बायकामुलांना घेऊन येतो आणि गावकीऐवजी दलालाच्या दारात उभा राहतो. जी माहिती पूर्वी गावकीच्या खोलीत आपोआप मिळे, ती आता त्याला स्वतः मिळवावी लागते.

आधी काम कोठे, ते पाहावे

'मुंबईला नोकरी लागली' या वाक्यात पुरेशी माहिती नसते. चर्चगेट, फोर्ट व गिरणगाव हा कामाचा मुख्य पट्टा होता, त्या काळी मुंबईच्या कोणत्याही रेल्वे स्थानकाजवळ राहिले तरी गाडी एकाच दिशेने धरावी लागे. आता तसे राहिलेले नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, १९७३ मध्ये स्थापन झालेला अंधेरीचा सीप्झ परिसर, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तळोजा, डोंबिवली व वसई येथील कारखाने आणि भिवंडीची गोदामे अशी कामाची अनेक केंद्रे झाली आहेत. भिवंडीच्या गोदामात काम मिळालेल्या माणसाने केवळ नातेवाईक तेथे आहेत म्हणून नालासोपाऱ्यात खोली घ्यावी, आणि महापे येथे काम असलेल्याने विरारला राहावे, यात परवडणे कोठेच नाही.

म्हणून नियुक्तिपत्रावरील कार्यालयाचा पत्ता पुरेसा मानू नये. प्रत्यक्ष काम कोठे करावयाचे, पाळी किती वाजता सुरू होते व सुटते आणि काही महिन्यांनी दुसरीकडे पाठविण्याचा संभव आहे काय, हे प्रथम विचारून घ्यावे. सुरक्षा रक्षक, सफाई कामगार व उपाहारगृहातील कामगार यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. शेवटची लोकल गेल्यावर पाळी सुटत असेल, तर स्वस्त पण दूरची खोली निरुपयोगी होय.

त्यानंतर रेल्वेचा नकाशा समोर ठेवावा. पश्चिम मार्गावर चर्चगेटपासून विरार सुमारे ६० किलोमीटर आहे. मध्य मार्गावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४, कल्याण सुमारे ५४ आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. मानखुर्दहून वाशीपर्यंतची रेल्वे १९९२ मध्ये आणि ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी रेल्वे २००४ पासून सुरू झाली. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये धावू लागल्याने पूर्व व पश्चिम उपनगरे जोडली गेली. या मार्गांमुळे पूर्वी आडबाजूला वाटणाऱ्या काही वस्त्या कामाच्या ठिकाणाजवळ आल्या आहेत. मात्र अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. गाडी किती वेळा बदलावी लागते, ती त्या स्थानकातून सुटते की भरून येते आणि सकाळच्या गर्दीच्या दिशेने जावे लागते की उलट दिशेने, या तीन गोष्टींवर प्रवासाचा त्रास ठरतो. दोन गाड्या बदलून केलेल्या वीस किलोमीटरपेक्षा एकाच गाडीत बसून केलेले तीस किलोमीटर अनेकदा सुसह्य असतात.

भाडे कमी का आहे?

वस्ती निवडताना भाडे किती, हे विचारलेच जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न भाडे कमी का, हा होय. शहरात कोणतीही जागा कारणाशिवाय स्वस्त नसते. ते कारण समजले तर ती गैरसोय सोसता येईल की नाही हे ठरविता येते. ते समजले नाही तर स्वस्ताईची किंमत पुढे कधीतरी मोजावीच लागते.

काही कारणे सोसण्याजोगी असतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्द दहिसर, मुलुंड व मानखुर्द येथे संपते. ती ओलांडली की भाडे सामान्यतः उतरते. स्थानकापासून जसजसे दूर जावे तसतसे ते आणखी उतरते. एकाच स्थानकाच्या पूर्व व पश्चिम बाजूंच्या भाड्यांतही फरक पडतो. उद्वाहन नसलेल्या इमारतीचा चौथा मजला, सामाईक संडास असलेली चाळ, बाजारपेठेच्या गोंगाटातील खोली या जागाही स्वस्त असतात. तरुण कुटुंबाला चार जिने चढणे जड नाही, परंतु वृद्ध आईला सोबत आणावयाचे असेल तर तीच खोली महाग पडेल.

दुसऱ्या प्रकारची कारणे मात्र सोसण्याजोगी नसतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यात शीळफाटा येथे एक इमारत कोसळली आणि ७४ जणांचे प्राण गेले. ती अनधिकृत होती. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. राहणाऱ्यांमध्ये अल्प उत्पन्नाची कुटुंबे होती. जागा स्वस्त का मिळते, हा प्रश्न त्यांना कोणी शिकविला नव्हता, आणि दुसरी जागा परवडतही नव्हती.

अशा इमारती ओळखण्याचे काही साधे मार्ग आहेत. घरपट्टीची पावती दाखविली म्हणजे इमारत अधिकृत झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारू शकते. इमारतीला बांधकामाची परवानगी आणि ती पूर्ण झाल्यावर राहण्यास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे पाहावयाचे असते. त्याची विचारणा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करता येते. जुन्या इमारतींच्या बाबतीत महापालिका आणि म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. तीही पाहून घ्यावी.

झोपडपट्टीतील खोलीविषयीही एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. 'खोली घेऊन टाका, पुढे पुनर्वसनात घर मिळेल' असे सांगून नवख्या माणसाकडून मोठी रक्कम घेतली जाते. पुनर्वसनाचा हक्क केवळ राहण्याने मिळत नाही. शासनाने ठरविलेल्या तारखेपूर्वीपासून ती झोपडी अस्तित्वात असल्याचे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. मोफत घरासाठी ही तारीख १ जानेवारी २००० असून, त्यानंतरच्या १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना मूल्य भरून घर देण्याची तरतूद आहे. आज नव्याने येणाऱ्याने या आशेवर गावाकडची जमीन वा दागिने मोडू नयेत.

हिशेबाची रीत

परवडणारी वस्ती म्हणजे कमी भाड्याची वस्ती नव्हे. भाडे, प्रवास, पाणी, मुलांची शाळा आणि अनामत रकमेवरील व्याज यांची बेरीज करून जी परवडते ती वस्ती खरी. रीत ध्यानात यावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील पती, पत्नी व दोन मुले असे एक कुटुंब आहे. पतीला मुंबईच्या उपनगरात महिना २८,००० रुपयांची नोकरी लागली आहे. त्याच्यापुढे दोन खोल्या आहेत. पहिली खोली खाडीपलीकडे, स्थानकापासून दूर असून तिचे भाडे ६,५०० रुपये व अनामत २०,००० रुपये आहे. दुसरी कामाच्या ठिकाणापासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर, लहान आकाराची आहे. तिचे भाडे ११,००० रुपये व अनामत ५०,००० रुपये आहे. वरवर पाहता पहिल्या खोलीत दरमहा ४,५०० रुपये वाचतात.

आता बेरीज करू. पहिल्या खोलीतून जाता-येता रेल्वेचा मासिक पास ३०० रुपये. घर ते स्थानक आणि स्थानक ते कामाचे ठिकाण यांसाठी वाटणीच्या रिक्षाला रोज ७० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे १,८२० रुपये. नळाचे पाणी अपुरे असल्याने विकतच्या पाण्याचे ९०० रुपये. शाळा लांब असल्याने मुलांच्या वाहतुकीचे १,००० रुपये. भाड्यासह एकूण खर्च १०,५२० रुपये. दुसऱ्या खोलीला बसभाड्याचे ५२० रुपये लागतात. मुले पायी शाळेत जातात व पाणी भाड्यातच येते. ३०,००० रुपये अधिक अनामत भरण्यासाठी दरमहा शेकडा दोन दराने कर्ज काढले असे धरले, तर व्याजाचे ६०० रुपये. एकूण १२,१२० रुपये. म्हणजे खरा फरक ४,५०० रुपयांचा नसून १,६०० रुपयांचा आहे.

याखेरीज वेळेचा हिशेब राहतो. पहिल्या खोलीतून प्रवासाला रोज साडेतीन तास आणि दुसरीतून एक तास लागत असेल, तर महिन्याला ६५ तासांचा, म्हणजे आठ तासांच्या आठ पूर्ण दिवसांचा फरक पडतो. पती लवकर परतला तर मुलांजवळ कोणीतरी राहते आणि पत्नीला काही तासांचे काम धरता येते. त्यातून दरमहा दोन हजार रुपये मिळाले तरी महाग वाटलेली खोली स्वस्त ठरते. उलटपक्षी पत्नीला गावाकडची शिलाई घरबसल्या करता येत असेल आणि त्यासाठी मोठी खोली हवी असेल, तर दूरची खोलीच योग्य ठरू शकेल. उत्तर प्रत्येक कुटुंबाचे वेगळे येईल. बेरीज मात्र प्रत्येकाने केली पाहिजे, आणि ती कागदावर केली पाहिजे.

वस्ती केव्हा व कशी पाहावी

खोली बहुधा रविवारी दुपारी दाखविली जाते. त्या वेळी नळाला पाणी आहे की नाही हे कळत नाही, गाडीची गर्दी दिसत नाही आणि रस्त्यावरचे दिवे रात्री लागतात की नाही हेही समजत नाही. म्हणून पसंत पडलेली वस्ती किमान दोनदा पाहावी. एकदा कामाच्या दिवशी सकाळी त्या वस्तीतून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणापर्यंत जाऊन पाहावे आणि एकदा रात्री, शक्यतो पत्नीसह, स्थानकापासून खोलीपर्यंत चालत यावे. स्त्रीला ज्या रस्त्याने रात्री निर्धास्तपणे येता येत नाही, ती वस्ती कुटुंबासाठी स्वस्त म्हणता येणार नाही.

पाण्याविषयी मालकापेक्षा शेजारणीला विचारावे. पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, मे महिन्यात काय होते आणि टँकरची वर्गणी कोण भरतो, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्याकडून खरी मिळतात. विजेचे बिल स्वतंत्र मीटरचे आहे की मालक उपमीटर लावून आपल्या दराने पैसे घेतो, हेही पाहावे.

पावसाळ्याची चौकशी तर अनिवार्य होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तळमजल्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर ओलीची रेघ दिसली, किंवा दारासमोर उंच उंबरा बांधलेला आढळला, तर तेथे पाणी शिरते असे समजावे. डोंगरउतारावरील खोलीच्या बाबतीत वरची माती व संरक्षक भिंत पाहावी.

करार, अनामत आणि दलाली

'अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही' हा समज शिकलेल्या लोकांतही दिसतो. महाराष्ट्रात तो खरा नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार तसेच राहण्याच्या परवानगीचा करार, ज्याला व्यवहारात 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात, लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ही नोंदणी आता ऑनलाइन पद्धतीनेही करता येते.

करारात भाडे, अनामत, मुदत, वीज व देखभालीचा खर्च कोणी भरावयाचा आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावयाची, हे स्पष्ट लिहिलेले असावे. अनामत रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी. रोख द्यावी लागलीच तर सहीची पावती घ्यावी. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे. तसेच भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी वा वीज तोडण्यास कायद्याने मनाई आहे.

मोठी रक्कम एकदम अनामत म्हणून ठेवून दरमहा भाडे न देण्याची एक पद्धत मुंबई परिसरात रूढ आहे. ती आकर्षक वाटते, परंतु तिच्यात कुटुंबाची सर्व पुंजी एका माणसाच्या शब्दावर अडकते. जागा खरोखर त्याच्या मालकीची आहे काय, ती गहाण आहे काय, आणि गृहनिर्माण संस्थेला या व्यवहाराची माहिती आहे काय, याची खात्री झाल्याशिवाय हा मार्ग पत्करू नये. दलालाची दलाली साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. करार होण्यापूर्वी ती देऊ नये. जो दलाल मालकाची भेट घडवून देत नाही, त्याच्याशी व्यवहार थांबवावा हे उत्तम.

शाळा आणि शिधापत्रिका

जुलैमध्ये खोली बदलली म्हणून मुलाचे वर्ष बुडाले, असे होण्याचे आता कारण नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखला येण्यास विलंब झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठीसह आठ भाषांतून शाळा चालविते. खोली ठरविण्यापूर्वी जवळची पालिका शाळा व अंगणवाडी पाहून ठेवली, तर मुलांच्या वाहतुकीचा खर्च वाचतो.

धान्याच्या बाबतीतही गावाकडची शिधापत्रिका रद्द करून येण्याची घाई करू नये. 'एक देश, एक शिधापत्रिका' या व्यवस्थेमुळे अन्नसुरक्षा योजनेतील अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांना आधार पडताळणी करून अन्य ठिकाणच्या रास्तभाव दुकानातूनही धान्य घेता येते. कुटुंबातील काही माणसे गावीच राहिली असतील, तर ती आपला उरलेला वाटा गावच्या दुकानातून घेऊ शकतात. दरमहाच्या हिशेबात ही बचत लहान नाही.

मुंबईखेरीज अन्य शहरांतही हेच तत्त्व लागू पडते. पुणे परिसरात चाकण वा हिंजवडी येथे काम असेल, तर रेल्वेऐवजी दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल यांचा खर्च धरावा लागतो. नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे औद्योगिक वसाहतीच्या लगतच्या गावांत खोल्या मिळतात. तेथे उन्हाळ्यातील पाणी आणि रात्रपाळीनंतरचे वाहन या गोष्टी प्रथम पाहाव्यात.

गावाने काय करावे

गावकीच्या खोल्यांचा काळ परत येणार नाही. परंतु त्या खोलीत जी शिदोरी मिळे, ती देण्याचे काम गाव आजही करू शकते. शहरात गेलेल्या आपल्या कुटुंबांची एक साधी नोंदवही ग्रामपंचायतीला ठेवता येईल. कोण, कोणत्या वस्तीत, कोणत्या कामावर आहे आणि नव्या माणसाला चार दिवस वाट दाखविण्याची त्याची तयारी आहे काय, एवढी माहिती त्याच्या संमतीने लिहून ठेवली तरी पुरे. दाखला देताना शिक्षकांनी पालकांशी पाच मिनिटे बोलावे, नव्या शाळेतील प्रवेशाचा नियम सांगावा आणि शक्य तर शिक्षण हमी कार्ड सोबत द्यावे. ग्रामसेवकाने शिधापत्रिकेची सोय समजावून द्यावी.

जाणाऱ्या कुटुंबालाही एक गोष्ट आवर्जून सांगावी. प्रथम कमावत्या माणसाने एकट्याने जावे, महिना-दोन महिने नातेवाइकांकडे, वसतिगृहात किंवा वाटणीच्या खोलीत काढावेत, रस्ते, गाड्या व वस्त्या यांची ओळख करून घ्यावी आणि मग बिऱ्हाड हलवावे. पहिल्याच आठवड्यात अनामत भरून घेतलेली खोली सहा महिन्यांत सोडावी लागली, तर पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पोचे भाडे आणि मुलांची पुन्हा नवी शाळा असा तिहेरी भुर्दंड पडतो. अनेक कुटुंबांची शहरातील पहिली बचत अशीच वाहून जाते.

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद एका ठिकाणचे नाते संपल्याचे सांगतो. त्याच कागदासोबत नव्या ठिकाणी पाय कसा रोवावा याची चार वाक्ये गेली, तर एखादे कुटुंब ओलीची रेघ असलेल्या तळमजल्यापासून वा परवानगी नसलेल्या इमारतीपासून वाचू शकेल. त्यासाठी निधी वा ठराव लागत नाही. दाखल्यावर सही करणाऱ्याने समोरच्या माणसाला 'काम नेमके कोठे आहे आणि राहणार कोठे?' एवढे विचारले, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.